साखरेनं नेलेलं नाव

हे मी दुपारी सगळे बाहेर गेल्यावर लिहिते. मला चारचौघांत बोलता येत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी मी भिंतीकडची जागा धरते, आणि कुणी काही विचारलं की आधी पदर सारखा करते. शाळा चौथीपर्यंत झाली. पण माझं अक्षर बरं आहे असं आमची सुमन म्हणते. तिनंच सांगितलं, "आई, तुला जे झालं ते लिहून ठेव. कुणाच्या तरी घरात उपयोगी पडंल." कुणाला दाखवायचं ते पुढं बघू.

साखरेच्या आजारात शरीरात काय होतं ते डॉक्टरांनी सांगावं. मला काय झालं, एवढंच मला सांगता येतं. आणि ज्यांच्या घरात कुणी एकाएकी विसरायला लागलं असेल, त्यांनी कपाळाला हात लावायच्या आधी एवढं वाचावं, असं मला वाटतं.

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. माणसं चार. मालक उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर कामाला. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, पती गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मुलगी सुमन तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. आणि मी.

चटणी खारट झाली

उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची चटणी करतात. चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला तिखट मसाला. तो बिघडला तर वर्षभर जेवणाची चव गेली. एरवी मला कुणी काही विचारत नाही, पण चटणीच्या दिवसांत आख्खी गल्ली माझ्या दारात. मिरची कुठली किती, धणे किती, खोबरं किती, कुणाच्या घरी पोरं लहान म्हणून तिखट कमी, कुणाचा नवरा तालमीतला म्हणून मसाला चढा, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. तेवढे आठ-पंधरा दिवस मी बोलकी व्हायची.

त्या वर्षी शेजारच्या हौसाक्कानं विचारलं, "इंदूताई, पायलीला धणं किती घालू?" आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. फळा पुसल्यासारखं झालं. मी हसले, "सांगते थांब" म्हणाले, आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

घरच्या चटणीत मी मीठ दोनदा घातलं. वन्संनी बोट लावून चाखलं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इंदे, ही चटणी हाय का मिठागर? औंदा भाजीत मीठ न घालताच भागतंय की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्याच महिन्यात दूध दोनदा उतू गेलं, आणि मंडईतून येताना मी आमची गल्ली सोडून पुढं निघून गेले. तहान इतकी लागायची की माठ पुरायचा नाही. अंगात शीण भरलेला. उन्हाळा आहे, सगळ्यांनाच होतं, असं जो तो म्हणत होता.

मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. माझी आई. माझं माहेर शाहूवाडीकडं, डोंगराच्या अंगाला. आईनं जन्मभर भात लावला, भात कापला. पन्नाशी ओलांडली आणि ती विसरायला लागली. आधी दावणीचं जनावर सोडायची विसरली, मग तांदूळ पाण्याशिवाय चुलीवर ठेवले. शेवटी शेवटी मी भेटायला गेले तर उंबऱ्यात बसून मलाच म्हणाली, "कोण पावणं आल्यात? बसा की." गावातले म्हणायचे, त्यांच्या घरात वेड आहे, रक्तातच आहे.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मनात म्हणलं, इंदू, तुझा नंबर लवकर लागला.

मालकांचं नाव

दवाखान्यात जायला कारण झालं पायाचं. नवीन चप्पल लागली, साधी जखम, पण ती भरेना. मालक मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते, आवाजाला मऊ. जखम बघताना मालक चाचरत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हिच्या ध्यानात बी राहत न्हाई हल्ली. तेवढं बघा."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. नाव विचारलं, सांगितलं. गाव, मुलीचं नाव, आजचा वार. वार चुकला, पण बायकांचे वार चुकतात. मग ते म्हणाले, "मालकांचं नाव सांगा बघू."

मी खाली बघितलं.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तर कधीच नाही, लग्नात पहिला उखाणा घेताना रडले होते. त्यामुळं कंपाउंडर हसला, डॉक्टर हसले, मालकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लाजतीया," ते म्हणाले. "पहिल्यापास्नं तशीच हाय ती."

"बरं बरं, राहू द्या," डॉक्टर म्हणाले, आणि पुढं गेले.

खरी गोष्ट फक्त मला माहीत होती. मी लाजत नव्हते. मी ते नाव शोधत होते. फळीवर डबा आहे म्हणून हात घालावा आणि फळीच नसावी, तसं झालं. घरात वन्सं त्यांना बाळू म्हणतात, गल्ली अण्णा म्हणते. ते दोन्ही आठवत होतं. पण ज्या नावानं माझं लग्न लागलं, ते गेलं होतं. आणि मी लाजाळू, म्हणून कुणाला कळलं नाही.

रक्त-लघवी तपासली. साखर इतकी होती की डॉक्टरांनी घरीही जाऊ दिलं नाही, मोठ्या दवाखान्यात भरती व्हायची चिठ्ठी दिली. साखरेचा आजार, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगते. बरं वाटलं. काही तरी नाव असलेलं दुखणं आहे, नुसतं वेड नाही.

वन्सं म्हणाल्या, "साखरंचा आजार? आमच्या घरात? हितं च्याला साखर पुरत न्हाई आणि हिच्या रक्तात पोत्यानं?"

कोडोलीच्या आजी

दवाखान्यात दिवस उजाडायचा तो पत्र्याच्या ट्रेच्या खडखडाटानं. काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायला ठेवलेल्या, त्यांचा वाफेचा वास. मग इंजेक्शन, मग बिनसाखरेचा चहा. पायाचं ड्रेसिंग. मग डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळा वॉर्ड शाळेसारखा गप्प. दुपारी भेटायला येणारी माणसं.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोडोलीच्या एक आजी होत्या. पाय मोडलेला, वर टांगून ठेवलेला, आणि तोंड एक क्षण बंद नाही. मला भेटायला येणारा प्रत्येक जण केळी, चिकू, द्राक्षं आणायचा, कारण आजाऱ्याला फळं न्यायची असतात. मला त्यातलं काही चालत नव्हतं. मी बघायची आणि आजी खायच्या.

"पोरी," त्या म्हणायच्या, "तुझ्या आजारानं मी अंग धरलं बग. आणखी थोडे दिस ऱ्हा."

भीती होतीच. रात्री डोळे मिटले की तीच फळी चाचपायची. गाव आहे, मुलगी आहे, चटणीची मिरची आहे, ते नाव नाही. कुणाला विचारावं तर कसं? सुमनला विचारलं असतं, "तुझ्या बाबांचं नाव काय गं?" तर पोर तिथंच रडली असती.

आठवडा झाला असेल. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी खिडकीतून बघत होते. बाहेर एक बाई धुणं झटकत होती. काही विचारही करत नव्हते. आणि मोटारीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं दिसावं तसं ते नाव समोर आलं.

"श्रीपती," मी म्हणाले. मोठ्यानं.

आजी खाटेवर अर्ध्या उठल्या. "काय गं? कुणाला हाक मारतीस?"

"मालकांचं नाव आहे."

"अगं भवाने! नवऱ्याचं नाव घेतीस? आयुष्य कमी हुतंय त्येचं! चूळ भर आदी!"

मी चूळ भरली आणि परत म्हणाले, "श्रीपती." मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू. आजी नर्सबाईंना हाका मारायला लागल्या, "अवो बाई, हिकडं या, ही बिघडली बगा!"

दुपारी मालक आले, डब्यात मटकीची उसळ घेऊन. मी त्यांच्याकडं बघून नुसती हसत होते. ते गडबडले. शर्टाकडं बघितलं, गुंड्या बघितल्या. "काय झालं?" म्हणाले. "काही नाही," म्हणाले मी. आजी पदर तोंडाला लावून खदखदत होत्या.

त्या दिवशी फेरीच्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या पुरुषाला आपण होऊन काही सांगितलं. आमचे म्हातारे डॉक्टर तिथंही यायचे, त्यांनाच. मी म्हणाले, "त्या दिवशी मी लाजले नव्हते. मला आठवलंच नव्हतं. आज आठवलं."

डॉक्टर हसले नाहीत. स्टुलावर बसले. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत," म्हणाले. "चुलीत लाकडं कोंबली तर काय होतं?"

"धूर."

"आणि घातलीच नाहीत तर?"

"विझते."

"डोक्याचंही तसंच. त्याला साखर लागते, पण बेताची. तुमच्या डोक्यात धूर झाला होता. आता निवळतोय. पण घरी जाऊन परत लाकडं कोंबाल आणि वर्षानुवर्षं कोंबत राहाल, तर नुसता धूर राहणार नाही, चूलच काळवंडेल. सगळ्यांचं तसं होतं असं नाही. पण होतं."

चूल म्हणल्यावर मला सगळं समजलं. ती माझ्या हातातली गोष्ट होती.

नळीचा रंग

घरी आल्यावर इंजेक्शन बंद होऊन साखरेची गोळी सुरू झाली, आणि रोज सकाळी लघवी तपासायची होती. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं, मग पिवळं, आणि विटेसारखं लाल झालं तर वाईट. हे काम सुमननं घेतलं. मालकांनी कारखान्यातून नळीसाठी एक लहानसं स्टँड करून आणलं, इतकं गुळगुळीत की देव्हाऱ्यात ठेवावं.

आणि वन्सं निकाल जाहीर करायच्या. दारात उभं राहून. "हिरवी झाली गं बाई, हिरवी!" गल्लीतून जाणारा दूधवालाही मला विचारायला लागला, "वैनी, आज कंचा रंग?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

एका आठवड्यात नळी लाल झाली. रोज लाल. साखरेचा कण खात नव्हते मी. सुमननं सगळं घर धुंडाळलं. मग तिनं मला विचारलं, "आई, चहा कशाचा पितीस?"

"गुळाचा."

शिरोळकडच्या पाहुण्यांनी घरच्या गुऱ्हाळातली ढेप पाठवली होती, वर काकवीची बरणी. वन्संनीच सांगितलं होतं, "डॉक्टरनं साखर बंद सांगितलीया, गूळ न्हवं. गूळ औषदी असतोय. बाळंतिणीला देत्यात की!" आणि मलाही ते पटलं होतं. आमच्याकडं तहानलेल्याच्या हातावर आधी गूळ ठेवतात, मग पाणी देतात. तो गूळ वाईट असेल असं मनात कसं येणार?

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोल्हापुरात दवाखाना काढलाय मी," म्हणाले. "पहिल्या दिवशीच गूळ म्हणायला हवं होतं."

मग खरं पथ्य सुरू झालं. शाळूची, म्हणजे ज्वारीची भाकरी, तीही मोजकी. मेथी, भेंडी, मोडाची मटकी, ताक. भात सणापुरता. रविवारी मटण झालं की वाटीभर तांबडा रस्सा डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा मालकांनी त्यांना हात जोडले. वन्संना माझी दया यायची. ताटात चोरून भाताचा ढीग वाढायच्या आणि वर भाकरी झाकायच्या. मी भाकरी उचलली की खाली भात. "खा गं, कुणाला कळतंय?" म्हणायच्या. मी म्हणायची, "नळीला."

देवी आली

पायाची जखम भरली. डोकं निवळलं. हौसाक्काला मी धण्याचं माप सांगितलं, जरा उशिराच. मग नवरात्र आलं.

गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवरात्रात कोल्हापुरात राहून देवीचा उपवास मोडायचा? मी गोळी घेतली आणि उपवासही धरला. दोन्ही नीट पाळलं, म्हणजे कुणाचा राग नको.

अष्टमीच्या दुपारी हौसाक्काकडं बायका जमल्या होत्या. मी भिंतीकडं बसले होते. अंगाला घाम सुटला, हात थरथरायला लागले. पुढचं मला आठवत नाही, सुमन सांगते ते लिहिते. मी डोलायला लागले. अंबाडा सुटला. वन्सं काही तरी सांगत होत्या, त्यांच्याकडं बोट करून मी ओरडले, "तू गप! कधीची बोलतीयास! गप बस!"

बायका उभ्या राहिल्या. "आली! देवी आली!" कुणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं, कुणी पाया पडली. हौसाक्कानं पदर पसरला, "आई, माझ्या लेकीची कूस कवा उजवंल?" आणि मी म्हणाले म्हणे, "होईल, होईल, सरक तिकडं."

सुमन तेवढ्यात कॉलेजातून आली. तिनं माझा घामाजलेला हात धरला आणि हौसाक्काच्या स्वयंपाकघरात धावली. तांब्यात मूठभर साखर घालून आणली.

"पोरी, देवीला शिवू नको! आदी ओटी भर!"

"देवी न्हवं मावशी, साखर उतरलीया. सरका!"

तिनं मला घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं मी डोळे नीट उघडले, तर सगळ्या बायका हात जोडून बसलेल्या, आणि मी मधोमध, केस मोकळे. मी पदर ओढून घेतला आणि विचारलं, "काय झालं?"

"गेली," कुणी तरी हळहळून म्हणालं.

डॉक्टरांनी मला रागावून सांगितलं, ही विझलेली चूल होती, आणि ती जास्त वाईट. तेव्हापासून उपवास बंद. हे हसण्यावारी गेलं, पण घरात गोळी घेणारं माणूस असेल तर ध्यानात ठेवावं. घाम, थरथर, वेडंवाकडं बोलणं असं झालं आणि माणूस शुद्धीवर असेल, तर आधी गोड पाजावं आणि लगेच डॉक्टर गाठावा. कुंकू नंतर.

वन्संना मात्र अजून पटलेलं नाही. म्हणतात, "साखर उतरली असंल. पण मला गप बस म्हणाली ती तू न्हवंस, इंदे. तुझ्यात तेवढा दम न्हाई."

आणि हौसाक्काच्या मुलीला दिवस राहिले. पेढ्यांचा पुडा घेऊन हौसाक्का आधी माझ्याकडं आली. मी पेढा हातात घेऊन बसले. खाता येईना, नाही म्हणता येईना.

आईचं काय

माहेरची मावशी बघायला आली होती. मी सहज विचारलं, आईला तहान लागायची का गं? मावशी म्हणाली, "तहान? रातीतनं घागर संपवायची. मोरीत मुंग्यांची रांग लागायची, आमी राख टाकायचो."

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. मोरीतल्या मुंग्यांचंही सांगितलं, मुंग्या साखरेवरच येतात म्हणून. ते म्हणाले, "असेल. आणखी दुसरंही काही असेल. आता सांगता येणार नाही."

खोटं सांगून त्यांनी मला समाधान दिलं नाही, याचं मला बरं वाटलं. आईचं वेड काय होतं हे मला कधी कळणार नाही. पण तिला तपासणारं कुणी नव्हतं, मला होतं, एवढं कळलं. मी रडले. मग घरी येऊन शाळू दळायला दिला. माझंही पुढं काय होईल हे डॉक्टर लिहून देत नाहीत. मधूनच एखादा शब्द अडतो, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवते. मग तो शब्द येतो. चटणीचं माप तर मी मनात रोज म्हणून बघते.

रंकाळा

डॉक्टरांनी रोज संध्याकाळी चालायला सांगितलं आहे. मालक मला रंकाळा तलावावर नेतात. गंमत अशी की घरापासून रंकाळ्यापर्यंत सायकलवर डबलसीट नेतात आणि तिथं चालवतात. "वाटंत दमलीस तर चालणार कशी?" म्हणतात.

मालकही कमी बोलतात. लेथच्या आवाजात जन्म गेला, घरी आले की त्यांना शांत लागतं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं नुसतं बोलत बसलोय असं फारसं झालं नव्हतं.

परवा सायकल कट्ट्याला लावून आम्ही एक फेरी मारली. वारा छान होता. फेरी संपता संपता ते एकाएकी बोलायला लागले. लहानपणी याच पाण्यात पोहायला शिकले ते, कुणी ढकलून दिलं ते, घरी कळल्यावर वन्संनी कसं चोपलं ते. बोलता बोलता आम्ही रस्त्याला लागलो. मग कारखान्यातलं, मग मी दवाखान्यात असताना ते स्वतः भाकरी करायला गेले आणि वन्सं कशा हसल्या ते. मी नुसती हूं हूं करत होते. अख्खी वाट ते बोलले. मी दवाखान्यात असताना त्यांना झोप लागत नव्हती, हेही बोलले.

दारात आलो, चपला काढल्या, आणि त्यांचा चेहरा पडला.

"सायकल!" ते म्हणाले. "रंकाळ्यावरच ऱ्हायली!" मग माझ्याकडं वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुझ्या बी ध्यानात न्हाई आलं?"

"आलं होतं की," मी म्हणाले. "कट्ट्यापासनं निघतानाच."

"मग बोलली न्हाईस?"

"तुम्ही बोलत होता."